जुन्या मोटारीचे दात

छंद माणसाला मित्र मिळवून देतो असे म्हणतात. ते खरेच आहे. पण छंद माणसाला मतेही देतो, आणि त्या मतांपायी मित्रांतले किती टिकतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझा छंद जुन्या मोटारींचा. छंद हा शब्दही तसा मोठाच झाला, कारण माझ्या पदरी मोटार एकच आहे. १९६८ सालची फियाट. आमच्या सौभाग्यवती तिला 'थोरल्या बाई' म्हणतात. घरात काही मंगलकार्य निघाले की आधी थोरल्या बाईंच्या प्रकृतीची चौकशी करावी लागते, आणि त्या रुसल्या तर सगळ्यांना रिक्षाने जावे लागते. असे ज्यांचे ज्यांचे संसार आहेत, अशा तीस-पस्तीस जणांचे आमचे पुण्यात एक मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही एका मैदानाच्या कडेला गाड्या उभ्या करतो, एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालतो, चहा पितो आणि घरी जाऊन तेलकट शर्टांबद्दल बोलणी खातो. मंडळात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चिटणीस आहेत, दोघे गॅरेजवाले आहेत आणि कॉलेजातली चार-पाच मुलेमुलीही आहेत. एरवी आमच्यात भांडण झालेच तर ते कार्ब्युरेटरवरून. यंदा मात्र एका निराळ्याच प्रश्नावरून मंडळात दोन तट पडले. प्रश्न असा, की कुणी आपली जुनी गाडी विकायला काढली, तर तिचे दोष मंडळाने चारचौघांत सांगावेत की सांगू नयेत?

तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? ज्याची गाडी तो विकील, ज्याला हवी तो घेईल. पूर्वी हे ठीक होते. जुनी गाडी विकायची म्हणजे ओळखीच्या मेकॅनिकच्या कानावर घालायची. गिऱ्हाईकही त्याच पेठेतले असे. गाडी कुणाची, ती कुठे धडकली होती, तिला रंग कधी दिला, हे सगळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठ असे. आता जाहिरात इंटरनेटवर लागते. सोलापूरची गाडी नाशिकचा माणूस सहा फोटो पाहून पसंत करतो आणि बयाणाही घरबसल्या पाठवतो. मुलगी न पाहता केवळ फोटोवर लग्न ठरवण्याची पद्धत आपण सोडली. मोटारीच्या बाबतीत ती आपण नव्याने सुरू केली आहे.

शिवाय जुन्या गाड्यांना भाव आला आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडर तयार होणे २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंद ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही पिढी टॅक्सीच्या धंद्यातून निवृत्त झाली. जी वस्तू रोज दारावरून जाते तिची माया येत नाही. ती दिसेनाशी झाली की गळा दाटून येतो. आणि गळा दाटलेल्या माणसाकडून दोन पैसे जास्त घेता येतात, हे व्यापाऱ्याला कळायला वेळ लागत नाही.

या जाहिरातींची भाषा हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. 'डॉक्टरांनी वापरलेली' असे म्हटले म्हणजे गाडी प्रकृतीने चांगली, असे वाचणाऱ्याने समजायचे. 'फक्त रंगाचे काम बाकी' म्हणजे रंग देता येईल असा पत्रा शिल्लक राहिलेला नाही. 'चालू स्थितीत' म्हणजे उताराला चालू. 'मूळ स्थितीत' या दोन शब्दांनी तर इतक्यांना फसवले आहे, की त्यांवर बंदीच घालावी.

जाणत्या माणसाला मात्र फोटोतूनही पुष्कळ कळते. दारांमधली फट वर बारीक आणि खाली रुंद असली की गाडीने कुठेतरी मार खाल्लेला आहे. रंग आरशासारखा चकाकत असेल तर खाली लांबी किती भरली आहे ते विचारावे. प्रत्यक्ष गाडी पाहायला मिळाली तर खिशातले लोहचुंबक काढावे. पत्र्याला ते चिकटते, लांबीच्या जाड थरावरून घसरून पडते. आमच्या फियाटची गोष्ट आणखी नाजूक आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० निघाली, तीच पुढे नाव बदलून प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. मूळची बांधणी तीच असल्यामुळे एकीचे दार दुसरीला बसते, एकीचे इंजिन दुसरीत घालता येते. याचा फायदा गाडी जगवणाऱ्याला होतो, तसाच पद्मिनीला फियाटची बिरुदे लावून तिचे वय वाढवणाऱ्यालाही होतो. बायकांचे वय कमी सांगतात म्हणून आपण थट्टा करतो. मोटारीचे वय वाढवून सांगण्यात पैसे असतात.

हे निव्वळ हौसेचे प्रकरण राहिले नाही, यालाही कारण आहे. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, आणि जिच्या चेसिसमध्ये, बॉडीमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, अशी दुचाकी वा चारचाकी ती व्हिंटेज. म्हणजे 'मूळची' या शब्दाला आता सरकारदरबारीही किंमत आली.

आता मूळ हकिगतीकडे येतो. मुंबईत राहणारा एक तरुण. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली, तीही पद्मिनी. वडिलांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांना एक फियाट भेट द्यावी, मालकाची नव्हे, स्वतःची, असे त्याच्या मनात आले. मुलाने असे काही मनात आणावे हे अलीकडे दुर्मीळच. जाहिरात पाहून त्याने साडेतीन लाखांना गाडी घेतली. '१९६६ची, मूळ स्थितीत, एकाच कुटुंबाकडे.' कागद नावावर करायला नेले तेव्हा तपासणीत नंबर संशयास्पद ठरला आणि काम अडले. नंतर एका मेकॅनिकने गाडी वर उचलून पाहिली, तर ती एक गाडी नव्हतीच. पुढचा अर्धा भाग एकीचा, मागचा दुसरीचा; मधे वेल्डिंग करून वरून लांबी आणि रंग. फियाटला बॉडीखाली वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. तो कापून जोडलेला. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून लागत नाही.

तो तरुण आमच्या मंडळात सल्ला विचारायला आला. त्याने जाहिरातीतले फोटो दाखवले आणि आमच्यातले चौघे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांनी ती जाहिरात पाहिली होती. दाराखालच्या पट्टीची उंची पुढे-मागे जुळत नाही, हे त्यांनी फोटोतच ओळखले होते आणि चहा पिता पिता त्यावर दोन विनोदही केले होते. मी त्या रविवारी परगावी होतो. हे सगळे मला नंतर कळले. त्या तरुणाने आरडाओरडा केला नाही. त्याने एवढेच विचारले, "तुम्हांला ठाऊक होतं?"

या प्रश्नावर पुढच्या सभेत मंडळाच्या पत्रिकेत एक सदर सुरू करायचे ठरले. 'विक्रीस आलेल्या गाड्या' असे त्याचे नाव. आमची पत्रिका चार पानांची. पण हल्ली ती मोबाइलवरून हातोहात फिरते आणि जिथे पोचू नये तिथेही पोचते. पहिले दोन अंक झकास गेले. एका जीपचे आणि एका अँबॅसडरचे पितळ उघडे पडले. लोकांनी शाबासकी दिली. शाबासकी ही मोठी वाईट वस्तू आहे. तिसऱ्या अंकापर्यंत सदर लिहिणाऱ्यांच्या लेखणीला मिरची लागली.

तिसऱ्या अंकात आली एक स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला तयार झालेली, साठीतली. विकणाऱ्या काकू सत्तरीच्या पलीकडच्या, यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. फ्लॅट सोडून मुलीकडे राहायला जायचे होते आणि तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. त्यांनी जाहिरातीत लिहिले, 'रंग मूळचा.' रंग मूळचा नव्हता. यजमानांनी कधीतरी त्याच छटेत पुन्हा दिला होता. आमच्या सदरात आले: 'मूळ रंगाची थाप! घेणाऱ्यांनो, फसवणुकीपासून सावध!' त्या शब्दांखाली गाडीचा फोटो आणि फोटोत मागे काकूंच्या घराची पाटी.

चिटणीसांबरोबर मी काकूंकडे गेलो होतो. त्यांनी आम्हांला चहा दिला. आवाज न चढवता म्हणाल्या, "गाडी खोटी म्हणा, माझी हरकत नाही. मला त्यातलं काय कळतं? हे सांगायचे तेच मी लिहिलं. पण त्यांना खोटं नका म्हणू. सोसायटीत सगळ्यांनी वाचलं ते." त्या घरात बसून आम्हांला चहा गिळवेना.

जाहिरात त्यांनी काढून टाकली. पुढे ती हेराल्ड निम्म्या किमतीत एका मध्यस्थाने नेली. आणि चार महिन्यांनी ती कुठे दिसली म्हणाल? ज्या सभासदाने 'फसवणूक' हा शब्द लिहिला होता, त्याच्याच मेहुण्याच्या शेडमध्ये.

तेव्हा सदर चालू ठेवायचे की बंद करायचे, यासाठी जी सभा भरली ती सकाळी नऊला सुरू झाली आणि जेवणवेळ टळून गेली तरी संपेना. एक गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, उद्या माझ्या गिऱ्हाइकाची गाडी तुम्ही छापली तर तो मला विचारणार, बातमी कुणी फोडली? आमच्या पोटावर पाय कशाला?" चिटणीस म्हणाले, की रॅलीत परीक्षक गुण कापतात ते मालकाने स्वतः गाडी परीक्षेला आणलेली असते म्हणून. दिल्लीत १९६४ साली स्टेट्समनची रॅली सुरू झाली. तिथे गाडी नेणारा उणीदुणी ऐकायची तयारी ठेवूनच जातो. विकणाऱ्याने आपल्याला कधी बोलावले आहे? यावर कॉलेजातली एक मुलगी उठली. "त्यांनी जाहिरात सगळ्या जगाला दाखवलीय. जगात आपण येत नाही का? आणि आपल्याला कळतं ते आपण सांगायचंच नसेल, तर आपण जमतो कशाला? चहा घरीही मिळतो."

मग वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. माल पारखून घेण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्याचीच, हे १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचे धोरण. त्याला अपवाद आहेत, पण त्यांच्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. बदनामीचे कलम पूर्वी १८६० च्या दंडसंहितेत ४९९ वे होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ वे झाले. आकडा बदलला तरी तत्त्व तेच राहिले. खरे बोलणे आणि ते लोकहितासाठी बोलणे, असे दोन्ही असले तर अपवादात बसते; दुसऱ्याच्या हितासाठी सद्‌भावनेने दिलेला इशाराही बसतो. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. या कलमात मोटारीला अब्रू नाही, माणसाला आहे. 'तळाला गंज दिसतो' म्हणालात तर ते मोटारीबद्दल झालं. 'लबाडी' म्हणालात की तुम्ही माणसावर गेलात."

मला वाटते, सगळ्या वादाची किल्ली या वाक्यात आहे. कायद्याची भीती हे त्याचे कारण नव्हे. जाणकाराला गाडी दिसते. विकणाऱ्याचे मन दिसत नाही. फोटोत लांबी दिसेल, पण ती कुणी भरली, कधी भरली आणि विकणाऱ्याला ते ठाऊक आहे का, हे फोटोत कुठून दिसणार? चौघांना जे दिसत होते ते त्यांनी सांगितले नाही, म्हणून तो तरुण बुडाला. सदर लिहिणाऱ्यांना जे दिसत नव्हते तेही त्यांनी सांगितले, म्हणून काकू दुखावल्या. दोन्हीकडे चूक एकाच रेषेवर झाली. एकदा रेषेच्या अलीकडे, एकदा पलीकडे.

आणि जाणकारांनी आपल्या ज्ञानाचाही फार तोरा मिरवू नये. 'मूळची' म्हणजे काय, यावर भल्याभल्यांचे एकमत होत नाही. १९२९ आणि १९३० साली ल मान्सची शर्यत जिंकणारी बेंटले, जिला 'ओल्ड नंबर वन' म्हणतात, ती पुढे इतक्या वेळा मोडून-जोडून झाली की पहिले सुटे भाग तिच्यात फारसे उरले नाहीत. तिचा एक कोटी पौंडांचा सौदा झाला आणि घेणाऱ्याने, ही ती गाडीच नव्हे, म्हणून हात वर केले. १९९० साली लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला, की भाग बदलले तरी गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नाही. ही तीच गाडी, सौदा पुरा करा. हा वाद काही साहेबाने शोधलेला नाही. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने हेच विचारले होते, की आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? मग रथ कशाला म्हणायचे? दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मंडळाने चार पानी पत्रिकेत उद्‌गारचिन्ह घालून द्यावे, हे जरा धाडसाचेच.

मग गप्प बसावे काय? मुळीच नाही. मला या बाबतीत आपल्याकडच्या बैलबाजाराची रीत फार शहाणपणाची वाटते. तिथे बैलाचे दात भर बाजारात, दहाजणांच्या देखत पाहतात. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे लपत नाही. चालवून पाहतात, खांदा पाहतात, शेपटीला हात लावतात. रस्त्याने जाणाराही थांबून 'डावा पाय टाकताना अडखळतोय' असे म्हणू शकतो. त्याबद्दल कुणी भांडत नाही. पण किंमत मात्र रुमालाखाली बोटे धरून ठरते. तो घेणारा आणि विकणारा यांच्यातला मामला. आणि बैलाला खोड आहे असे म्हटले तरी मालकाला 'चोर' म्हटल्यासारखे होत नाही.

दात उघड्यावर, किंमत रुमालाखाली. सभेत मी हेच मांडले आणि दोन तासांच्या घासाघिशीनंतर त्यातून काही नियम निघाले. बोलायचे ते गाडीबद्दल. मालकाचे नाव, घर, हेतू यांबद्दल अक्षर नाही. जे दिसते तेवढेच लिहायचे आणि कोणत्या फोटोत दिसते ते सांगायचे. जे दिसत नाही त्याबद्दल प्रश्न विचारायचा. दोष सांगताना गुणही सांगायचे. किंमत जास्त की कमी, यात पडायचे नाही. छापण्यापूर्वी मालकाला कळवून आठ दिवस थांबायचे आणि त्याचे उत्तर त्याच जागी, त्याच टाइपात घालायचे. मात्र सांगाडा जोडलेला दिसला किंवा नंबरात खाडाखोड दिसली, तर मालकाला फोन करायचा आणि त्याच दिवशी छापायचे. कारण तिथे प्रश्न रंगाचा नसून जिवाचा असतो, आणि त्या तरुणासारख्याला आठ दिवसांची उसंत नसते. शेवटचा नियम सर्वांत कडू होता. ज्याने एखाद्या गाडीबद्दल लिहिले, त्याने किंवा त्याच्या नातलगाने ती गाडी घ्यायची नाही; घ्यायची इच्छा असेल तर आधी सांगून तोंड मिटून बसायचे. या नियमावर मत घेतले तेव्हा एक सभासद फोन आल्याचे सांगून बाहेर गेले ते परत आले नाहीत.

सदर पुन्हा सुरू झाले. काकूंची क्षमा पहिल्याच अंकात, पहिल्या पानावर मागितली. त्याने त्यांची हेराल्ड परत आली नाही, पण सोसायटीतल्या लोकांनी तेही वाचले असेल. त्या तरुणाचे प्रकरण वकीलसाहेबांनी बिनफीचे हाती घेतले आहे. त्याची गाडी अजून रस्त्यावर येऊ शकत नाही. त्याचे वडील म्हणे संध्याकाळी तिच्यात जाऊन बसतात आणि काचा पुसतात.

नव्या रीतीने आम्ही प्रथम लिहिले ते एका अँबॅसडरबद्दल. पाच ओळी होत्या. चाकांवरच्या टोप्या आणि आतली बैठक जुनी व सुरेख आहे. डाव्या मागच्या दारावर रंगाची छटा वेगळी दिसते. तळाचा फोटो नाही, तो मिळेल काय? मालक आधी रागावले. मग दोन दिवसांनी त्यांनी तळाचा फोटो पाठवला. गंज होता. तो त्यांनाही तेव्हाच दिसला. त्यांनी आपल्या जाहिरातीत ते स्वतः लिहिले, आणि पंधरा दिवसांत गाडी गेली. काय किमतीला गेली ते आम्ही विचारले नाही. आभार ना घेणाऱ्याने मानले, ना विकणाऱ्याने. मला ते सदराचे सुलक्षण वाटते.